इंजिन आलं ते बिऱ्हाडासकट

२०१२ च्या मार्चमध्ये माझी होंडा सिव्हिक स्मॉग चेकमध्ये, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीत, नापास झाली. कॅलिफोर्नियात गाडीचं रजिस्ट्रेशन दरवर्षी भरायचं आणि साधारण एक वर्षाआड स्मॉग चेकचा कागद मिळवायचा. तो नसेल तर रजिस्ट्रेशन पुढे सरकत नाही. माझ्या कागदावर हायड्रोकार्बनच्या, म्हणजे नीट न जळलेल्या इंधनाच्या, ओळीत 'फेल' आलं होतं. अनपेक्षित नव्हतं. वर्षभर गाडी सकाळी सुरू केली की मागून निळा धूर निघायचा आणि दर हजार मैलांना मी एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर, ऑइल ओतत होते.

गाडी १९९३ ची सिव्हिक डीएक्स, तीन दारांची हॅचबॅक. डी१५बी७ म्हणजे दीड लिटरचं इंजिन, १०२ हॉर्सपॉवर, पाच गिअर, वजन जेमतेम हजार किलो. २००४ मध्ये इथल्या पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात घेतली होती. तेव्हापासून फ्रीमाँट ते सॅन होजे रोजची ये-जा तिच्यावरच. आता अडीच लाख मैल झाले होते.

अशा गाडीसाठी राज्य सरकारची एक योजना होती. स्मॉगमध्ये नापास झालेली गाडी मोडीत द्यायची आणि १,००० डॉलर घ्यायचे. बाजारात तिला एवढे पैसेही आले नसते. मी अर्ज डाउनलोड केला, निम्मा भरला आणि ठेवून दिला. ज्या गाडीच्या पत्र्यावर, सस्पेन्शनवर, स्टिअरिंगवर काही दोष नाही, ती फक्त इंजिन थकलं म्हणून चिरडायला द्यायची, हे मला पटेना.

कोल्हापूरला वडिलांना, आबांना, फोन केला. त्यांचा शिवाजी उद्यमनगरात लेथ होता. शेतीपंपाची ऑइल इंजिनं बोअर करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी लक्षणं सांगितली, कॉम्प्रेशनचे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "कॉम्प्रेशन एवढं वाईट न्हाई की गं. ऑइल रिंगा चिकटल्या असतील. हेड काढून बघ आधी." मी बघितलं नाही. कारण तोवर माझ्या डोक्यात दुसरंच इंजिन शिरलं होतं.

ते शिरवलं आमच्या शेजाऱ्यांनी. मूळचे मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराचे, तीस वर्षं होंडाच्याच गाड्या दुरुस्त केलेले. गॅरेजच्या दारात उभं राहून त्यांनी बॉनेटखाली पाहिलं आणि म्हणाले, इंजिन उतरवायचंच आहे तर तेच परत का बसवतेस? याच पत्र्यात होंडाचंच मोठं इंजिन, बी सीरिज, बसतं. होंडानेच ते बसवलं होतं.

ते खरंच होतं. सिव्हिकच्याच सांगाड्यावर होंडाने डेल सोल नावाची दोन सीटची गाडी काढली होती आणि १९९४ पासून अमेरिकेत तिच्या व्हीटेक मॉडेलमध्ये १.६ लिटरचं बी१६ इंजिन दिलं होतं. त्याच घराण्यातलं थोरलं भावंड म्हणजे होंडाच्याच इंटिग्रा जीएसआर या गाडीतलं बी१८सी१: १,७९७ सीसी, १७० हॉर्सपॉवर, तीही ७,६०० आरपीएमला.

व्हीटेक हा शब्द ऐकला की मी सांगलीच्या हॉस्टेलमध्ये पोचते. २००० साली भारतात होंडा सिटीचं १.५ व्हीटेक आलं, १०६ हॉर्सपॉवरचं. गावात एका व्यापाऱ्याकडे ती होती आणि आम्ही चार-पाच जणी ती पाहायला मुद्दाम त्या रस्त्याने जायचो. कॅमशाफ्टवर, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, प्रत्येक सिलिंडरसाठी दोन साधे लोब (उंचवटे) आणि मध्ये एक उंच लोब. आरपीएम वाढले की ऑइलच्या दाबाने रॉकरमधल्या पिना सरकतात, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि वॉल्व्ह त्या उंच लोबच्या हुकमाने उघडू लागतात. एकाच इंजिनात दोन इंजिनं. पिन, स्प्रिंग आणि ऑइल एवढ्यावर हे चालतं हे समजलं तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो मी विसरलेले नाही.

पण इथे इंजिन बदलायचं तर आधी नियम वाचावे लागतात. मी ते दोन रात्री बसून वाचले.

आबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "आरसी बुकावर इंजिन नंबर बदलायला आरटीओत जावं लागंल न्हवं?" इथे गाडीच्या कागदावर फक्त सांगाड्याचा नंबर असतो, इंजिनाचा नसतो. म्हणजे कागद बदलायची गरज नाही. पण म्हणून सूटही नाही, कारण प्रश्न इंजिन कोणाच्या नावावर आहे हा नसून ते हवेत काय सोडतं हा आहे. ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर नावाचं खातं हे बघतं आणि त्याच्या अटी थोडक्यात अशा. नवं इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आधीचं नको. प्रवासी गाडीत प्रवासी गाडीचंच इंजिन, ट्रकचं नाही. गाडी कॅलिफोर्नियाच्या मानकांची असेल तर इंजिनही त्याच मानकांचं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे ते इंजिन ज्या गाडीत जन्मलं, त्या गाडीतलं प्रदूषण रोखणारं प्रत्येक उपकरण त्याच्यासोबत आलं पाहिजे, जोडलेलं पाहिजे आणि चालू पाहिजे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, त्याच्या नळ्या, इंजिनाचा मेंदू असलेलं कंट्रोल युनिट, सगळं.

इंजिन मोठं आहे याला कुठेच हरकत नव्हती. हरकत होती ती एकटं इंजिन उचलून आणायला. आणायचं तर त्याचं अख्खं बिऱ्हाड आणा.

मला ही अट फार न्याय्य वाटली, आजही वाटते. पन्नासच्या दशकात लॉस एंजेलिसवर जो पिवळट धुरळा साचायचा, तो सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून बनतो, हे कॅलटेकमधल्या हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. १९६७ मध्ये राज्याचं हवा मंडळ स्थापन झालं तेव्हा पहिले अध्यक्ष तेच. पुढे सत्तरच्या दशकात नियम कडक झाले तेव्हा मोठमोठ्या कंपन्या हे जमणारच नाही म्हणत होत्या. होंडाने १९७५ च्या सिव्हिकमध्ये सीव्हीसीसी इंजिन देऊन कन्व्हर्टर न लावताच ते मानक गाठलं. माझ्या दारातल्या गाडीच्या आजीची ही गोष्ट. नातीने धूर सोडत फिरावं हे मला शोभणारं नव्हतं.

इंजिन शोधताना पहिला मोह जपानहून आलेल्या इंजिनांचा होता. तिकडून उतरवून कंटेनरने आणलेली, कमी चाललेली, स्वस्त. पण जपानी बी१८सी आणि अमेरिकन बी१८सी१ एक नाहीत. जपानीचं कॉम्प्रेशन जास्त आहे, कॅम वेगळे. ब्लॉकवरच्या नंबरात शेवटचा तो एकचा आकडा नसतो. इथल्या मानकांवर ते इंजिन कधी प्रमाणित झालेलंच नाही, मग ते तसंच आहे हे सिद्ध करत बसायचं. मी तो विचार सोडला. शेजारी म्हणाले, सुटं इंजिन घेऊच नकोस, अपघातातली पूर्ण गाडी घे.

ऑगस्टमध्ये ती मिळाली. १९९५ ची इंटिग्रा जीएसआर, मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत, १,२८,००० मैल. विकणाऱ्याने इंजिन सुरू करून दाखवलं, पण मी आधी बॉनेटच्या आतलं स्टिकर शोधलं. त्यावर गाडी कॅलिफोर्नियाच्या नियमांना अनुसरून आहे असं छापलेलं होतं. त्या कागदाच्या तुकड्याचा फोटो मी चार वेळा काढला. १९९५ निवडण्याचं आणखी एक कारण होतं: १९९६ पासून ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष ओळखायची नवी पद्धत आली, नवी वायरिंग, जास्त सेन्सर. १९९५ च्या जीएसआरचे कंट्रोल युनिटचे प्लग माझ्या १९९३ च्या सिव्हिकमध्ये जसेच्या तसे लागतात.

शनिवार-रविवार धरून काम सहा आठवडे चाललं. जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट वर काढलं, नवं गिअरबॉक्ससकट आत सोडलं. हे ऐकायला मोठं वाटतं, पण इंजिन क्रेन भाड्याने आणली आणि दोघांनी एका दिवसात दोन्ही केलं. डेल सोलचे माउंट बसले. ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरची दांडी इंटिग्राची. समोरचे ब्रेकही इंटिग्राचेच घातले. स्मॉगवाले ब्रेक विचारत नाहीत, पण १०२ च्या जागी १७० हॉर्सपॉवर घालून ब्रेक जुनेच ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. हे मी कुणालाही सांगेन.

वेळ गेला तो वायरिंगमध्ये. डीएक्समध्ये व्हीटेक नाही, त्यामुळे त्याच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, चार गोष्टींच्या वायरी नव्हत्याच: व्हीटेकचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा वॉल्व्ह), त्याचा ऑइल प्रेशर स्विच, इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली दुसरी वाट उघडणारा सोलेनॉइड. शेवटचं हे जीएसआरचं खास आहे. प्रत्येक सिलिंडरला हवेच्या दोन वाटा, एक लांब, एक आखूड. पावणेसहा हजार आरपीएमच्या आसपास आखूड वाट उघडते. या चारही वायरी मी जीएसआरच्या पी७२ कंट्रोल युनिटपर्यंत नव्याने ओढल्या. नॉक सेन्सरचा सिग्नल फार नाजूक असतो म्हणून त्याला जाळीचं आवरण असलेली वायर लागते. ती मी इंटिग्राच्या हार्नेसमधून काढून घेतली. आबा व्हिडिओवर बघत होते. "टेप मारू नको नुसती, सोल्डर कर," एवढंच अधूनमधून.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. रस्त्यावर नेलं तर साडेचार हजारांच्या पुढे काहीच बदल नाही आणि चेक इंजिनचा दिवा पेटलेला. या जुन्या होंडांमध्ये कोड वाचायला यंत्र लागत नाही. डॅशबोर्डखालच्या दोन पिनांच्या प्लगमध्ये कागदाची क्लिप घालायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची: लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब, दोन आखूड. बावीस. व्हीटेकचा प्रेशर स्विच. वायर मीच शेजारच्या पिनेत बसवली होती. ती जागेवर लावली, दिवा गेला, आणि त्या संध्याकाळी मिशन बुलेवार्डवरून निघून फ्रीवेच्या चढणीवर पहिल्यांदा तो आवाज बदलताना ऐकला. मोकळ्या गळ्याचा, वर चढत जाणारा. काचा खाली होत्या. शेजारी बाजूच्या सीटवर बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं.

आता पासिंग. इंजिन बदललेल्या गाडीला नेहमीचं स्मॉग स्टेशन पास करत नाही. ते रेफ्रीकडे, म्हणजे अशा वेगळ्या गाड्या तपासणाऱ्या सरकारी केंद्राकडे, पाठवतं. रेफ्रीची केंद्रं बरीचशी कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात असतात, अपॉइंटमेंट घ्यावी लागते. तिथे जाण्याआधी मी एका स्टेशनवर प्री-टेस्ट करून घेतली. ही चाचणी तंतोतंत खरीसारखी असते, फक्त तिचा निकाल पासिंगसाठी धरला जात नाही. माझ्या मते हे पैसे वाचवू नयेत.

पुण्या-कोल्हापूरकडे पेट्रोल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीच्या नळीत प्रोब घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजणं. इथे त्या वर्षांच्या गाड्यांची पुढची चाकं रोलरवर चढवतात आणि भार देऊन गाडी चालवतात, एकदा ताशी १५ मैलांना, एकदा २५ मैलांना. भार दिला की ज्वलनाचं तापमान वाढतं आणि उभ्या गाडीत लपलेला नायट्रिक ऑक्साइड बाहेर येतो. माझा तोच बाहेर आला, दोन्ही वेगांना मर्यादेच्या वर. हायड्रोकार्बन मात्र जवळजवळ शून्य. ज्या कारणाने जुनं इंजिन नापास झालं होतं, ते नव्यात नावालाही नव्हतं.

कारणं दोन निघाली. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासताना तीच क्लिप प्लगमध्ये घालून कंट्रोल युनिटला गप्प बसवावं लागतं. मी ती घातली नव्हती, त्यामुळे १६ अंश समजून सोडलेलं टायमिंग प्रत्यक्षात तीन अंश पुढे होतं. डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून पुलीवरची लाल खूण जागेवर आणली. दुसरं कारण म्हणजे इंटिग्रासोबत आलेला सतरा वर्षांचा कन्व्हर्टर. तो आतून संपला होता.

नवा कन्व्हर्टर घ्यायला मी जवळच्या एका एक्झॉस्टच्या दुकानात गेले आणि तिथे माझी फसगत झाली. मी स्पष्ट विचारलं होतं, कॅलिफोर्नियाला चालेल ना. हो म्हणाले. वेल्डिंग करून दिला, गाडी परत प्री-टेस्टला न नेता मी थेट रेफ्रीकडे गेले. रेफ्रीने गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि कन्व्हर्टरवर नंबर शोधू लागला. इथे बाहेरून घेतलेल्या प्रत्येक कन्व्हर्टरवर हवा मंडळाच्या मंजुरीचा नंबर कोरलेला असावा लागतो. माझ्या कन्व्हर्टरवर नव्हता. तो इतर ४९ राज्यांत विकायचा माल होता. आत मौल्यवान धातू कमी, म्हणून स्वस्त. रोलरवर गाडी चढलीच नाही. रेफ्रीने आणखी एक गोष्ट लिहिली: शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेला उघडा एअर फिल्टर. त्यालाही मंजुरीचा नंबर नव्हता.

दुकानदाराने पैसे परत करायला नकार दिला. पावतीवर कुठे कॅलिफोर्निया लिहिलंय, असं त्याचं म्हणणं. तीनशे डॉलर गेले. त्याहून जास्त लागलं ते हे की मी दोन रात्री बसून नियम वाचले होते, आणि कन्व्हर्टर हातात घेऊन उलटा करून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. असं काम काढणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं, की वस्तू वेल्ड होण्याआधी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि तो पावतीवर लिहून घ्या.

दुसरा कन्व्हर्टर दुप्पट किमतीचा होता. एअर फिल्टरचा डबा इंटिग्राचाच परत लावला. या वेळी प्री-टेस्ट आधी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रेफ्री. तोच माणूस. इंटिग्राचा नंबर, स्टिकरचे फोटो, पावत्या अशी फाइल मी नेली होती. त्याने ती चाळली, पण विश्वास ठेवला तो डोळ्यांवरच. ब्लॉकवरचा नंबर वाचला, कंट्रोल युनिटवरचं लेबल वाचलं, कोळशाच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतची प्रत्येक नळी बोटाने माग काढत पाहिली. किल्ली फिरवून चेक इंजिनचा दिवा आधी पेटतो आणि मग विझतो याची खात्री केली; काही जण बल्बच काढून ठेवतात म्हणे. टायमिंग लाइट लावला. टाकीच्या तोंडातून हलका दाब देऊन वाफेच्या नळ्या गळत नाहीत ना ते तपासलं. मग रोलर. मी काचेपलीकडे उभी होते आणि पाचवीत वडिलांसोबत निकाल आणायला गेले होते तशी हाताची बोटं मोडत होते.

२५ मैलांना हायड्रोकार्बन १९ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड ०.०१ टक्का, नायट्रिक ऑक्साइड १७४. तीनशे सीसी मोठं इंजिन, आणि जुन्याच्या कितीतरी खाली. या चाचणीत धुराचं प्रमाण मोजतात, त्यामुळे इंजिन मोठं म्हणून आपोआप आकडा मोठा होत नाही. पेट्रोल नीट जळलं आणि कन्व्हर्टर नीट चालला की मग १.५ काय नि १.८ काय.

रेफ्रीने गाडीला एक लेबल चिकटवलं. त्यावर आतलं इंजिन १९९५ चं असल्याची नोंद. यापुढे कुठल्याही साध्या स्मॉग स्टेशनवर गेलं तरी ते हे लेबल पाहून त्या इंजिनाच्या हिशेबाने गाडी तपासतात. २०१४ मध्ये मी तशी गेले, पंधरा मिनिटांत बाहेर आले.

भारतातून मित्रमैत्रिणी विचारतात, जुन्या गाडीत मोठं इंजिन टाकायचंय, जमेल का. मी त्यांना मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचायला सांगते. तिथे नोंदणीत लिहिलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मला वाटतं, रेफ्रीसारखी एक जागा आपल्याकडेही हवी. जिथे जोडणी करणारा माणूस उघड्या बॉनेटने जाऊ शकेल, बघा म्हणू शकेल, आणि तपासणारा खरंच वाकून बघेल. तशी वाट नसली की काम लपून होतं, आणि लपून केलेल्या कामात पहिला फेकला जातो तो कन्व्हर्टर.

जुनं डी१५ मी विकलं नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीवर, चादर घालून ठेवलं. २०१३ च्या मे महिन्यात आई-आबा आले. जेटलॅग उतरायच्या आधी, पहाटे चारला, गॅरेजचा दिवा लागलेला दिसला. आबांनी हेड उतरवलं होतं, तिसरा पिस्टन बाकावर होता, आणि ते रॉकेल मिळत नाही म्हणून माझ्या ब्रेक क्लीनरने त्याची खाच धूत होते.

"हे बघ," ते म्हणाले. ऑइल रिंग काजळीत रुतून बसली होती, नखाने हलत नव्हती. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. मी बोअर गेज लावला. झीज मर्यादेच्या आत होती.

"रिंगा कितीला मिळतील गं हितं?"

मी फोन काढला आणि बघायला लागले.